अप-डाऊनचे विद्यापीठ

धामणगाव रेल्वेच्या फलाटावर सकाळी उभे राहिले, की गावाची तरुण पिढी एकत्र पाहावयास मिळते. पाठीवर पिशवी, डब्यात पोळी-भाजी, खिशात मासिक पास. चांदूर, मालखेड मागे टाकीत ही मुले बडनेऱ्यास उतरतात आणि तेथून दुसरे वाहन धरून अमरावती गाठतात. सायंकाळी तोच प्रवास उलट. याला इकडे ‘अप-डाऊन’ म्हणतात.

आमचे शिक्षण सेमिनरीत झाले. वर्ग, ग्रंथालय, भोजनगृह आणि निजण्याची जागा एकाच आवारात. घंटा झाली की अभ्यासास बसावे, पुन्हा झाली की उठावे. त्यामुळे विद्यार्जन म्हणजे एका ठिकाणी राहून केलेली साधना, अशी आमची पक्की समजूत होती. या समजुतीपायी आमच्या हातून एक चूक घडली.

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी एम.एस्सी. करीत होती. तिचे गुण घसरले. वडिलांच्या देखत आम्ही तिला म्हणालो, “तळमळ असली की वेळ सापडतो. ग्रंथालयात बसत जा.” मान खाली घालून ती एवढेच बोलली, “बसली असती जी फादर, पण तिथं बसलं त गाडी जाते.” पुढील वर्षी तिने शिक्षण सोडले. कारणे अनेक असतील. आमचे ते वाक्य त्यांत नव्हते, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

त्यानंतर एके दिवशी आम्ही मुद्दाम या मुलांबरोबर गेलो. येताना बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत एक मुलगा सामानाच्या हातगाडीवर वही ठेवून गणिते सोडवीत होता. आमची साधना त्याच्यापुढे फार सुखाची होती, हे तेथे उमगले.

१ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. तोवर धामणगावकरांचे विद्यापीठ सव्वाशे किलोमीटरांवर होते. नव्या विद्यापीठाकडे अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हे चार जिल्हे आले. १९९८ मध्ये अकोल्यातून वाशीम वेगळा झाल्याने ते पाच झाले. संलग्न महाविद्यालये शेकड्यांनी वाढली. ज्या घरातून मुलीला परगावी राहावयास पाठविले नसते, त्या घरातील मुलगी आज पासावर जाऊन पदवी घेते. ही वाढ आम्ही लहान मानीत नाही.

तथापि, १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे आपली आधुनिक विद्यापीठे उभी राहिली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, प्रामुख्याने परीक्षा घेण्यासाठी. विद्यार्थी कोठे राहतो, कसा येतो, हा त्या रचनेपुढील प्रश्नच नव्हता. तो आजही बव्हंशी फलाटावरच उभा आहे.

आणि या विद्यापीठाला आज नाव आहे संत गाडगेबाबांचे! अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे हे सुपुत्र शाळेत शिकले नव्हते. पण पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवा, असे ते गोरगरिबांना कळवळून सांगत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी वाटसरूंसाठी धर्मशाळा बांधविल्या. तू इकडेच का राहत नाहीस, असे त्यांनी वाटसरूला विचारले नाही. त्याला पाठ टेकावयास जागा दिली. तपोवनालगतच्या विस्तीर्ण आवाराला व गावोगावच्या आपल्या संस्थांना या नावातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

आमच्यापुरते आम्ही दोन गोष्टी केल्या. चर्चमागील सभागृहात चार टेबले व दिवे लावून ते सायंकाळची गाडी आल्यावर मुलांसाठी उघडू लागलो. आणि त्या मुलीच्या घरी जाऊन तिची क्षमा मागितली. तिने चहा ठेवला. बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, “हॉल कितीपर्यंत उघडा राहते जी?”

“मुले उठेपर्यंत,” आम्ही म्हणालो.

“मंग लहान भावाले पाठवीन.”

वाचकहो, आपल्याही गावाला स्टेशन किंवा बसस्थानक असेल आणि सायंकाळी कुलूप लागणारी एखादी खोलीही असेल. तिची किल्ली कोणाकडे आहे, तेवढे पाहावे.