हेड उतरवायचं ठरलं की

घरच्या गाडीचं सिलिंडर हेड उतरवायचं ठरलं की एकेकाळी कोल्हापुरात सगळ्या गल्लीला कळायचं. फियाट दारात उभी, बॉनेट उघडं, रेडिएटरचं पाणी काढून टाकलेलं आणि जुन्या चादरीवर पाने-पकडी मांडलेल्या. पुशरॉड ज्या जागेवरून निघाले त्याच जागी परत बसायला हवेत, म्हणून पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात खोचून ठेवायचे आणि शेजारी आकडे टाकायचे. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तेव्हा नवी गाडी नोंदवली तर वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. त्यामुळे इंजिन थकलं की गाडी बदलायचा विचारच कुणाच्या मनात येत नसे. आहे त्यातच जान आणायची. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी 1964 साली फियाट 1100 डिलाइट म्हणून आली आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली. आमच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

तसलीच एक पद्मिनी माझ्या भाच्याने जपून ठेवली आहे आणि सध्या तिच्या हेडचा बेत चालू आहे. नुसती दुरुस्ती नव्हे, सुधारणा: व्हॉल्व्हच्या नव्या सीटा, नवे व्हॉल्व्ह, पोर्ट गुळगुळीत करायचे, कॉम्प्रेशन थोडं वाढवायचं. त्याचं टिपण बघून मला मनापासून कौतुक वाटलं. 68 मिलिमीटरचा बोअर, 75 चा स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचे 272 घनसेंटिमीटर. ज्वलनकक्षात 40 घनसेंटिमीटर जागा उरत असेल तर कॉम्प्रेशन 7.8 ला 1. हेडला फेस मारून, म्हणजे त्याचा तळ तासून, ती 36 वर आणली तर साडेआठच्या थोडं वर. कक्षावर पारदर्शक काच ठेवून सिरिंजने रॉकेल सोडायचं आणि ती जागा मोजायची. आमच्या वेळी मिस्त्री हेडवरून बोट फिरवून “वीस थाऊ मार,” म्हणजे इंचाचे वीस हजारांश, एवढंच सांगायचे. बहुतेकदा ते बरोबर ठरायचं, पण चारही कक्ष सारखे आहेत का हे कुणी मोजून बघितलं नव्हतं. या बाबतीत आजचं काम उजवं आहे, यात मला शंका नाही.

तेव्हा कॉम्प्रेशन वाढवायला लोक बिचकत, त्याचं कारण पेट्रोल. ऑक्टेन कमी, त्यामुळे जरा जास्त फेस मारला की चढावर इंजिन नॉकिंग करायला लागायचं. आंबा घाटात तो टणटण आवाज आला की सगळ्यांची बोलणी थांबायची. पेट्रोलमध्ये शिसं असायचं. विषारीच ते, पण व्हॉल्व्हच्या सीटांना त्याचं संरक्षण मिळे. 2000 साली शिसं देशभरातून गेलं, हवेच्या दृष्टीने फार चांगलं झालं; जुन्या हेडला मात्र तेव्हापासून कडक धातूच्या सीटा बसवलेल्या बऱ्या. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. ऑक्टेन वाढलं, म्हणून भाच्याचं गणित आज जमतं. पण इथेनॉलने मिश्रण पातळ होतं, कार्बोरेटरचा मेन जेट मोठा करावा लागतो आणि इंजिनावरच्या पेट्रोलपंपाचा जुना रबरी पडदा तग धरत नाही. त्याच्या टिपणात जेट होता, पडदा नव्हता. तो मी लिहायला लावला.

इंजिनाचे सीसी भाचा वाढवणार नाही. आरसीतले तपशील बदलणारा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये बसत नाही. हेडचं काम त्या मर्यादेत राहतं.

सुट्या भागांची तऱ्हाही बदलली. पूर्वी गॅस्केट किंवा गाईड इथं मिळाला नाही तर पुण्याच्या नाना पेठेतून कुणाच्या तरी हाती मागवायचा, एसटीने पार्सल यायचं, आणि दुकानदार आधी विचारायचा, “मिस्त्री कोण आहे?” त्यावरून कुठला माल द्यायचा ते ठरवायचा. आता फोनवर ऑर्डर, दारात खोकं. व्हॉल्व्हचा दांडा मायक्रोमीटरने आपणच मोजून घ्यायचा, कारण त्या खोक्याबरोबर सांगणारं कुणी येत नाही.

मला सगळ्यात जास्त आठवतं ते व्हॉल्व्ह घासणं. सीटवर ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका, व्हॉल्व्हच्या डोक्याला रबरी चोषकाची काठी, आणि ती दोन्ही तळव्यांत रवीसारखी फिरवायची. मधूनमधून उचलून थोडी वळवायची, म्हणजे एकाच जागी रेघा पडत नाहीत. आधी जाड पेस्ट, मग बारीक. घासण्याची खरखर हळूहळू मऊ होत जाते आणि कान सांगतात की झालं. पुसल्यावर सीटवर सगळीकडून सारख्या रुंदीचं करडं कडं दिसलं पाहिजे. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं. खाली थेंब आला तर पुन्हा सुरुवात. मिस्त्री कामाला हात लावायच्या आधी मात्र चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासत. म्हणत, “वरचं घट्ट केलं की खालचं बोलायला लागतंय, बाळ.” हेड चांगलं बसलं की सगळा जोर थकलेल्या रिंगांवर येतो आणि गाडी तेल प्यायला लागते. कितीतरी उत्साही माणसं इथेच फसतात. भाच्याने हेडवरचा खर्च पै-पैशापर्यंत मांडलाय. मी त्याला सांगितलंय, आधी कॉम्प्रेशन गेज लाव, आकडे वाईट आले तर हा सगळा बेत पुढच्या वर्षावर टाक.

सीटा कापायचं काम घरी होणार नाही. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून लेथवर उभी राहिलेली माणसं होती. ॲल्युमिनियमच्या हेडला सीट किती घट्ट बसवायची, हेड किती तापवून घ्यायचं, हे त्यांच्या हातात होतं. आजही तिथे यंत्रं आहेत, पूर्वीपेक्षा चांगली आहेत, पण ती हजारोंच्या मालासाठी चालतात. एका जुन्या हेडसाठी यंत्र थांबवणारा माणूस शोधावा लागतो. असे एक वयस्कर कारागीर अजून काम करतात. भाच्याला सीटा कापूनच बाहेरगावाहून मागवायच्या होत्या. मी म्हटलं, हेड घेऊन त्यांच्याकडे जा, तिथे बाजूला उभा राहा आणि दिवसभर बघ. काय विचारायचं ते तिथेच विचार, त्यांना सांगायला आवडतं.