उमराणीचं पाणी, नेसरीची खिंड

कोल्हापूर सोडून हमरस्त्याला लागताना कावळा नाक्यावर ताराराणींचा पुतळा दिसतो. रवींद्र मेस्त्रींनी घडवलेला. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, आणि त्यावर कोल्हापूरची गादी स्थापन करणारी महाराणी. ताराराणी या हंबीरराव मोहित्यांच्या कन्या. हंबीरराव स्वराज्याचे सरनोबत झाले, कारण त्यांच्या आधीचे सरनोबत प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत पडले. पुढं शिवाजी महाराजांच्या घरात या दोन्ही सरनोबतांच्या लेकी राजाराम महाराजांच्या राण्या म्हणून आल्या. प्रतापरावांची जानकीबाई आधी आली, ताराबाई मागाहून. आपल्या शहराची मुळं अशी नेसरीच्या मातीपर्यंत गेली आहेत. तरी आम्ही कोल्हापूरकर पाहुणा आला की त्याला पन्हाळ्याला नेतो, जोतिबाला नेतो, फार तर विशाळगडापर्यंत जातो. नेसरीला कोणी नेत नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी दादा आणि मी निघालो ते नेसरीसाठीच. थंडी सरत आलेली, ऊसतोड अजून चालू. कागल मागं पडलं, राजर्षी शाहूंच्या जन्मघराण्याचं, घाटग्यांचं गाव. दूधगंगा ओलांडली, सरहद्दीवर पाट्यांची लिपी बदलली. निपाणीत चहा घेतला, तर टपरीवरची मराठी आमच्या पेठेतल्यासारखीच. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी हळूहळू तवंदी घाट चढली. संकेश्वरला हमरस्ता सोडला की मात्र वाट आपलीशी वाटायला लागते. हिरण्यकेशीच्या कडेनं मळे लागतात, आणि काही वेळानं गडहिंग्लज येतं.

या दिवसांत गडहिंग्लजचा बाजार लाल असतो. संकेश्वरी जवारी मिरची, लांबट, सुरकुतलेली, पोत्यापोत्यांनी ओतलेली. वर्षाची चटणी कुटायची म्हणून लांबलांबून बायका इथं येतात, एखादी मिरची मोडून नाकाशी धरतात आणि मगच भाव विचारतात. वारा फिरला आणि ठसका लागला. दादानं डोळे पुसत दोन किलो घेतली.

तिथून सामानगड जवळ आहे. हा गड उंच नाही, पण जांभ्याच्या पठारावर ऐसपैस पसरलेला आहे. १८४४ मध्ये इथल्या गडकऱ्यांनी इंग्रजांविरुद्ध दरवाजे बंद केले होते. कोल्हापूर संस्थानात इंग्रजांनी बसवलेल्या दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात गडकऱ्यांचे पिढीजात हक्क आणि जमिनी यांवर गदा आली, तेव्हा पहिली ठिणगी इथं पडली आणि ती भुदरगड-पन्हाळ्यापर्यंत पोचली. ऑक्टोबरात तोफा आणून इंग्रजांनी गड घेतला. पुढं दरवाजेही राखले नाहीत.

मला मात्र या गडावर विहिरींनी धरून ठेवलं. सात कमानींची विहीर तर लांबून दिसतसुद्धा नाही. पठारावरून चालता चालता पायांपुढं जमीन एकदम चिरलेली दिसते आणि पायऱ्या खाली उतरायला लागतात. वर ऊन रणरणत असतं. एकेक कमान मागं टाकत खाली जावं तसा गारवा वाढतो. जांभ्याच्या भिंतीवर छिन्नीचे घाव अजून मोजता येतील असे. बोट फिरवलं तर दगड खरखरीत, ओलसर, आणि बोटाला तांबडी माती लागते. तळाशी पाणी. कोणी हे कातळ फोडले, किती माणसं राबली, याचा कुठं शिलालेख नाही. पण गड म्हणजे आधी पाणी आणि मग तट, हे इथल्या पाथरवटांना पक्कं ठाऊक होतं.

त्या पाण्याजवळ बसल्यावर मला उमराणी आठवली. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंदांनी मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेतला. तो परत मिळवायला विजापूरहून बहलोलखान मोठी फौज घेऊन निघाला. प्रतापरावांनी त्याला जतजवळच्या उमराणीत गाठलं आणि पाण्याची वाट रोखून धरली. एप्रिलचं ऊन, माणदेशाकडची कोरडी जमीन. माणसं-जनावरं पाण्यावाचून तडफडू लागली, तशी खानानं शरणागती पत्करली आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली. शिवाजी महाराजांना हे रुचलं नाही. त्यांनी खरमरीत शब्दांत जाब विचारला. आणि खान खरोखरच उलटला. काही महिन्यांत तो पुन्हा स्वराज्याच्या मुलखात होता. खानाला बुडवल्याशिवाय तोंड दाखवू नका, अशा अर्थाचा महाराजांचा निरोप प्रतापरावांपर्यंत पोचला. तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला, आणि नेसरीच्या खिंडीत ते सहा स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले.

राजाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्याच्या शिरावर रयत आहे, त्याला शत्रूच्या तहानेपेक्षा आपल्या गावांचा विचार आधी करावा लागतो. पण प्रतापरावांचंही चुकलं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही. समोर हजारो माणसं पाण्यासाठी तडफडत असताना ज्याच्या हातात पाण्याची वाट आहे, त्यानं ती मोकळी केली. भोसऱ्याच्या या गुजराचं मूळ नाव कुडतोजी, प्रतापराव हा महाराजांनी दिलेला किताब. त्यांचा पराक्रम आपण नेसरीनं मोजतो. मला तो उमराणीतही दिसतो.

गडहिंग्लजहून नेसरीचा रस्ता शेतांमधून जातो. उतारावर काजू, सखल भागात ऊस, पलीकडं घटप्रभेचं खोरं. खिंडीत स्मारक आहे. ते पाहून झालं की बहुतेक गाड्या वळतात. आम्ही उतरून चालू लागलो. रणभूमीवर बघायला काही नसतं असं लोक म्हणतात. तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. पण जमीन आहे. दोन्ही बाजूंनी चढत गेलेल्या टेकड्या आहेत, मधे चिंचोळी वाट आहे. ती वाट पायांखाली घेतली की कळतं, इथं सात घोडी बाजूबाजूनं दौडवणंसुद्धा सोपं नाही. समोरून फौज येत असेल, तर मागं वळायलाही जागा नाही. १६७४ च्या एप्रिलमध्ये रायगडाहून नारायण शेणव्यानं मुंबईच्या इंग्रजांना जे पत्र लिहिलं, त्यात हेच आहे: दोन टेकड्यांमधली अरुंद जागा, प्रतापराव आणि त्यांच्यासोबतचे सहा स्वार. त्या सहांची नावं पत्रात नाहीत. विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलदेव अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल, विठोजी शिंदे ही नावं लोकांनी पुढं जपली. कुसुमाग्रजांच्या कवितेनं आणि लता मंगेशकरांच्या आवाजानं ती दौड घराघरात नेली.

बांधावर एक म्हातारे गृहस्थ वैरण बांधत होते.

"पावणं, कुठनं आलासा?"

"कोल्हापूरहून. खिंड बघायला."

"बघा की. शिवरात्रीला या. त्याच दिवशी पडलं नव्हं ते."

तिथी त्यांनी अगदी बरोबर सांगितली. तो दिवस माघ वद्य चतुर्दशीचा, महाशिवरात्रीचा होता. इंग्रजी तारीख मला पुस्तकातून पाठ करावी लागली होती. त्यांना ती तिथी उपवासाबरोबर मिळाली होती. आम्ही बराच वेळ त्यांच्याशी बोलत बसलो. बोलणं बहुतेक वेळ काजूच्या मोहोराचं आणि गव्यांनी तुडवलेल्या पिकाचं. निघताना त्यांनी घोटभर ताक घेतल्याशिवाय सोडलं नाही.

परतताना हमरस्ता टाळला आणि उत्तूरवरून सेनापती कापशीला आलो. संताजी घोरपड्यांच्या घराण्याचं हे गाव, चिकोत्रा नदीकाठचं. कोल्हापुरी चपलेचा एक घाटच कापशी नावानं ओळखला जातो. एका घरी कारागीर उंबऱ्याशी बसून बारीक वेणी विणत होता. चामड्याची सुतासारखी वादी आरीच्या भोकातून ओढायची, दातांनी ताणायची, पुन्हा ओवायची. मान वर न करता तो आमच्याशी बोलत होता, आणि वेणी बोटभरही वाकडी जात नव्हती. याच गावाच्या सेनापतीनं १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची मोगली फौज अशीच अन्नपाण्यावाचून कोंडली, आणि शेवटी खंडणी ठरवून उरलेल्यांना जाऊ दिलं. उमराणीला बावीस वर्षं झाली होती.

मुरगूडवरून घरी यायला दिवेलागण झाली. वाटेत दादा म्हणाला, प्रतापरावांवर महाराजांचा राग शेवटपर्यंत राहिला असेल का? मी त्याला जानकीबाईंच्या लग्नाची तारीख सांगितली. १५ मार्च १६८०. राजाराम अवघे दहा वर्षांचे. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ एप्रिलला, महाराज गेले. रायगडावर त्यांनी स्वतः उभं राहून केलेलं शेवटचं कार्य म्हणजे प्रतापरावांची लेक सून करून घेणं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझं एक मागणं आहे. दरवर्षी सहली पन्हाळ्याला जातात, जाऊ द्यात. पण एक वर्ष मुलांना सामानगडच्या विहिरीच्या पायऱ्या उतरवा. तिथं, पाण्याजवळ बसवून, उमराणीची गोष्ट सांगा. आणि मग नेसरीच्या खिंडीत न्या, गाडीतून नाही, चालत.