कोबीभोवती मोहरी

दिवाळीनंतर सकाळी हवेत गारवा जाणवू लागला, की लातूरकडच्या परसबागांत कोबी, फुलकोबी आणि नवलकोलाची रोपं वाफ्यातून उचलून लावणीला घेतात. मराठवाड्यातली थंडी आखूड. फेब्रुवारी सरता सरता ऊन चटके देऊ लागतं, आणि गड्डा त्याआधी भरायला हवा. म्हणून या पिकाचं एकेक पान मोलाचं.

रोपं जरा तरारली की बागेत पांढरी फुलपाखरं भिरभिरू लागतात आणि शेजारच्या काकू कुंपणापलीकडून हाक देतात, ‘‘अगं, हाकल त्यांना, तीच अंडी घालतात!’’ मी त्या फुलपाखरांची बाजू घेते. कोबीचा फडशा पाडणारं मोठं पांढरं फुलपाखरू युरोपातलं, आणि आपल्या देशात हिमालयाच्या पायथ्याचं, उत्तरेच्या मैदानातलं. आमच्या तापट पठारावर ते सहसा दिसत नाही. इथं काळ्या शिरांचं जे पांढरं फुलपाखरू दिसतं, त्याच्या अळ्या वाघाटीवर आणि नेपतीवर वाढतात. आषाढी एकादशीचा उपास सोडताना बारशीला जिच्या फळांची भाजी करतात, तीच ही वाघाटी. मोठी पिवळसर फुलपाखरं बहाव्यावर आणि टाकळ्यावर अंडी घालतात. कोबीच्या वाफ्यावर ही सगळी नुसती पाहुणी.

कोबी खरा खातो तो एक पतंग. करड्या रंगाचा, पंख मिटल्यावर तांदळाच्या दाण्याहून थोडाच लांब. मिटलेल्या पंखांच्या कडा पाठीवर जुळतात आणि तिथं फिकट चौकोनांची ओळ उमटते. म्हणून तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग. दिवसा पानाआड दडतो, तिन्हीसांजेला उडतो. मादी पानाच्या खालच्या बाजूला, शिरेच्या कडेनं, पिवळसर बारीक अंडी घालते. अळी फिकट हिरवी, दोन्ही टोकांना निमुळती. तिला बोट लावून पाहा: वळवळत मागं सरकते आणि धागा सोडून पानाखाली लोंबकळते. खालून हिरवा गर खाते, वरचा पापुद्रा तसाच ठेवते. पान उजेडात धरलं की जागोजाग काचेच्या खिडक्या दिसतात. ही खूण कळली की पानाची चाळण होण्याआधीच हात चालवता येतो. मी रोज सकाळी पानं उलटून पाहते, अळ्या वेचते. परसबागेला हे जमतं. एकरभर कोबी लावणाऱ्याला कसं जमणार?

त्याचा हात औषधाच्या बाटलीकडे जातो, आणि या किड्यापुढं बाटलीच हरते. डीडीटीला तो दाद देईना, अशी नोंद जावा बेटावरून 1953 मध्येच झाली. बीटी या जिवाणूच्या फवाऱ्यालाही शेतात त्यानं दाद दिली नाही, हे 1990 मध्ये हवाई बेटांवरून कळलं. पिढी दोन-तीन आठवड्यांत उलटते. तेच औषध पुन्हा पुन्हा मारलं की त्यातून वाचलेल्यांचीच प्रजा वाढते.

म्हणून मला मोहरीची युक्ती सर्वांत आवडते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं ती शेतकऱ्यांना दिली: कोबीच्या 25 ओळींना मोहरीच्या दोन ओळी, एक लावणीच्या 15 दिवस आधी, दुसरी लावणीनंतर 25 दिवसांनी. मोहरीचा तिखट वास पतंगाला कोबीपेक्षा जास्त ओढतो आणि तो तिथं अंडी घालतो. एक ओळ जून झाली की दुसरी कोवळी तयार असते. वाफ्याच्या दोन्ही कडांना फोडणीच्या डब्यातली मूठभर मोहरी टाकली तरी काम भागतं. मात्र त्या मोहरीवर लक्ष हवं. तिच्यावर अळ्या दिसल्या की निंबोळी अर्क तिथंच मारायचा, नाहीतर आपणच किडीची नर्सरी थाटल्यासारखं होतं.

कडुनिंबाला आमच्याकडे तोटा नाही. उन्हाळा सरताना पडलेल्या निंबोळ्या गोळा करून, गर धुऊन, सावलीत वाळवून ठेवायच्या. टरफल काढून बी कुटायचं, लिटराला 50 ग्रॅम या हिशेबानं रात्रभर भिजवायचं, सकाळी फडक्यातून गाळून किंचित साबण घालायचा. फवारा उन्हं उतरल्यावर. उन्हात अर्काचा गुण टिकत नाही.

नांदेडला माझी बहीण गच्चीवर कुंड्यांत कोबी लावते, तिथं मोहरीला जागा नाही. ती वेताच्या कमानींवर जुनी मच्छरदाणी ताणते आणि कडा विटांनी दाबते. जाळीला पान टेकू द्यायचं नाही, कारण टेकलेल्या पानावर मादी बाहेरूनच अंडी घालू शकते.

कधी पानावर अळीच्या शेजारी पांढरा, रेशमी, एकुलता बारीक कोष सापडतो. तो चिरडायचा नाही. त्यातून एक चिमुकली गांधीलमाशी निघते, जी अळीच्या अंगात अंडं घालते. पतंगाचा कोष जाळीदार असतो आणि आतला जीव दिसतो. हा पांढराफटक, गच्च विणलेला. दोन-तीनदा पाहिलं की डोळा सरावतो.

गड्डे काढून झाले की बुडखे वाफ्यात ठेवायचे नाहीत. त्यांना कोवळे फुटवे येतात आणि पतंग त्यांवर पुढची पिढी काढतो. उपटून खोल खड्ड्यात मातीआड करायचे, मोहरीची ताटंही त्यांच्याबरोबरच.