‘बाई आली’, ‘बाई आल्या’

काही शब्द इतके घरचे असतात की त्यांच्या अर्थाची विचारपूस करावी असे कोणाच्या मनात येत नाही. मराठीतील ‘बाई’ हा त्यांपैकी एक. कोणतीही स्त्री, शाळेतील शिक्षिका, घरकाम करणारी मोलकरीण, थोर घराण्यातील स्वामिनी, या सर्वांना तो पुरतो. आणि ‘नको बाई’, ‘अगं बाई’ या उद्गारांत तर तो कोणाचाच वाचक न राहता बोलणारीचा केवळ निःश्वास होतो. तथापि मराठी माणसाचा गोंधळ होत नाही, कारण अर्थाची वाटणी बहुधा क्रियापद करते. ‘बाई आल्या’ म्हटले की वर्ग उठून उभा राहतो; ‘बाई आली’ म्हटले की घासायची भांडी मोरीत जातात. ‘कामाला बाई ठेवली’ यातील ‘कामाला’ हा शब्द गळला, तर एखाद्या गृहस्थाची अब्रू जाते. उशिरा उठणाऱ्या लेकीला आई ‘उठल्या का बाईसाहेब?’ असे विचारते, तेव्हा आदरार्थी बहुवचनच उपरोधाचे साधन बनते.

मराठी मुलुखाबाहेर गेल्यावर मात्र एवढ्याने भागत नाही. झाशीत याचा प्रत्यय येतो. अठराव्या शतकात मराठी सुभेदारीबरोबर तेथे मराठी कुटुंबे स्थिरावली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची संबोधनेही. 1842 मध्ये गंगाधरराव नेवाळकरांशी विवाह झाल्यावर मणिकर्णिका तांबे ‘लक्ष्मीबाई’ झाली. 1858 च्या वेढ्यात झाशीत असलेले वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या 1907 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतात ती ‘बाईसाहेब’ आहे. त्या एका शब्दात तिचे राज्य, दरारा आणि आपलेपण सामावते. हिंदीने तिचे ‘बाई’ कायम ठेवले, पण त्याच्या आधी ‘रानी’ लावले. जणू नुसत्या ‘बाई’वर विसंबणे तिला धोक्याचे वाटले.

हा संकोच निष्कारण नव्हता. झाशीच्या आसपासच्या बुंदेलीत कित्येक घरी आईलाच ‘बाई’ म्हणतात. पण उत्तरेच्या नागर हिंदीत ‘बाईजी’ म्हटले की मैफलीत गाणारी गणिका डोळ्यांपुढे येते. वृंदावनलाल वर्मा यांच्या 1946 च्या कादंबरीत लक्ष्मीबाई, कोरी समाजातील झलकारीबाई आणि नाटकशाळेतील मोतीबाई एकत्र वावरतात. राणी, विणकराची पत्नी आणि नटी या तिघींच्या नावांचा शेवट एकच. मान मात्र प्रत्येकीला वेगळ्या मापाने मिळतो.

अख्तरीबाई फैजाबादी 1945 मध्ये विवाहबद्ध झाल्या, आणि पुढे त्या ‘बेगम अख्तर’ म्हणून गाजल्या. ‘बाई’ मागे राहिली. इकडे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर गोव्याच्या कलावंत समाजातून आल्या. कुलीनतेच्या प्रश्नातून त्यांचीही सुटका नव्हती. पण नावातली ‘बाई’ त्यांना टाकावी लागली नाही. मराठी श्रोता ‘केसरबाई गायल्या’ असे म्हणत राहिला, आणि त्या अनेकवचनाने शब्दाची प्रतिष्ठा राखली.

‘माझा प्रवास’ हिंदीत ‘आँखों देखा ग़दर’ या नावाने आणणारे अमृतलाल नागर हेच तवायफांच्या मुलाखतींवर आधारलेल्या ‘ये कोठेवालियाँ’चेही लेखक. गोडशांच्या ‘बाईसाहेब’ आणि कोठ्यावरच्या ‘बाईजी’ एकाच लेखणीखालून गेल्या. भाषांतराचा खरा पेच येथे दिसतो. शब्द सीमा सहज ओलांडतो. पण त्याला मान देणारी समाजाची सवय त्याच्या सामानात बांधून देता येत नाही.

आज हा पेच महाराष्ट्रातही शिरला आहे. कित्येक शाळांतून ‘बाई’ जाऊन ‘मॅडम’ आल्या, आणि शहरांत ‘बाई’ हा शब्द मुख्यत्वे घरकामासाठी उरू लागला. ज्यांना तोही खुपतो ते ‘ताई’ किंवा ‘मावशी’ म्हणतात. हेतू चांगला असतो. पण ‘मावशी आली का?’ असे विचारून तिच्या पगारातून खाडा कापला जातो, तेव्हा नव्या शब्दाच्या वाट्यालाही जुनेच प्राक्तन येते. ‘बाई’ या शब्दाचे काही बिघडलेले नाही. झाशीच्या राणीला आणि भांडी घासणारीला एकच नाम देण्याइतका तो उदार आहे. कोणासाठी ‘आली’ म्हणायचे आणि कोणासाठी ‘आल्या’, हे मात्र बोलणाराच ठरवतो.