घरघर थांबली तेव्हा



इतके दिवस वाचनमात्र होतो, आज मात्र लिहायलाच हवं. मी डॉक्टर नाही, आयटीवाला आहे. त्यामुळे हा फक्त अनुभव समजा.

गेल्या सप्टेंबरात शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. सर्दी वर्गातून घरी येते आणि मुलांचा दमा उसळतो, असा हा काळ. आमचा साडेचार वर्षांचा चिरंजीव रात्री दोनला उठून बसला. छातीत घरघर. स्पेसर लावून निळा पंप दिला. थोड्या वेळाने घरघर कमी झाली. मी बायकोला म्हटलं, "उतरतंय, झोप तू." ती म्हणाली, "अरे, पण हा बोलत का नाहीये?"

खरंच की! एरवी झोपेतही बडबडणारं कार्टं. "बाबा..." श्वास. "पाणी." बनियन वर केला, तर फासळ्यांखालची कातडी आणि गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. 48! लगेच 999 फिरवला आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पंप चालू ठेवला, 30 ते 60 सेकंदांनी एक पफ, दहापर्यंत.

हॉस्पिटलात नर्सबाईंनी सांगितलं, घरघर ऐकू यायला आधी हवा आत-बाहेर व्हावी लागते. नळ्या फारच आवळल्या की आवाजही बंद होतो. सर्व्हरच झोपला की एरर लॉग येत नाही, हे खरं तर मला कळायला हवं होतं.

तर घरी बघायच्या गोष्टी:
- एका दमात वाक्य पूर्ण होतंय का? तान्हं बाळ नीट दूध ओढतंय का?
- मिनिटाला श्वास 1 ते 5 वर्षांच्या मुलात 40 च्या वर, मोठ्या मुलात 30 च्या वर गेले, तर झटका तीव्र.
- ओठ निळसर, मूल मलूल, गोंधळलेलं किंवा छाती शांत: वाट बघू नका, 999.

ऑक्सिमीटर 92 च्या खाली म्हणजे गंभीर. पण सावळ्या त्वचेवर तो कधीकधी आकडा जास्त दाखवतो, त्यामुळे आकडा बरा दिसला तरी मुलाकडे बघा.

चिरंजीव दोन दिवसांनी घरी आले, बडबडत. सांगलीहून आईचा फोन, "घरघर थांबली का रे?" म्हटलं, "आई, घरघरीचं सोड. तो भांडतोय, म्हणजे बरा आहे."

डॉक्टरांनी लिहून दिलेला अस्थमा प्लॅन आता फ्रिजवर लावलाय. तुमच्याकडे नसेल तर जीपीकडून मागून घ्या.

कळावे,
एक कॉव्हेंट्रीकर बाबा