आडनाव मुकादम, आणि नाव?

गेल्या पावसाळ्यात नवीन पनवेलमध्ये भाड्याने घर शोधत होतो. एका घरमालकांनी फोनवर आडनाव विचारलं. "मुकादम," म्हटलं. ते खूश झाले. "आमच्याकडे गावाला पण मुकादम आहेत. उद्या या, चावी काढून ठेवतो." मग सहज म्हणाले, "पूर्ण नाव सांगा, लिहून घेतो." मी सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. "घरी विचारून कळवतो." तो फोन अजून यायचा आहे.

अब्बांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, "आडनावाने दार उघडलं, नावाने लावून घेतलं."

मुकादम हा मूळ अरबी शब्द, मुकद्दम. म्हणजे पुढे केलेला, पुढारी. दख्खनच्या सुलतानांच्या काळात गावच्या प्रमुखाला हे नाव होतं आणि जुन्या मराठी कागदांत 'मोकदम' असं ते पाटलाच्या जोडीने येतं. धर्म कुठलाही असो, ज्याच्याकडे गावचं काम तो मोकदम. आज ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम ओळखायला कुणाला शब्दकोश लागत नाही. शब्द अरबी, पण गेली कित्येक शतकं तो मराठीच बोलतो.

आम्हा कोकणी मुसलमानांची आडनावं अशीच कामांवरून आणि गावांवरून आली. नाखवा आणि सारंग समुद्रावरून आले, काझी आणि खतीब मशिदी-न्यायाच्या कामातून, पारकर-दाभोळकर गावांवरून. पारकर हिंदूंतही आहेत. आमच्या पनवेलमध्ये १८४९ सालचं बेथ एल सिनेगॉग आहे. तिथल्या बेने इस्रायली लोकांचीही आडनावं गावांना 'कर' लावून झालेली. नुसत्या आडनावांची यादी समोर ठेवली तर कोण नमाजाला जातो आणि कोण शब्बाथ पाळतो, हे सांगता येणार नाही.

माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. त्याच्या ऑफिसात दोन शुल्झ आहेत. त्याने अर्थ शोधला, तर तो निघाला आपलाच मुकादम! शुल्झ, शुल्ट्स, शोल्त्स ही सगळी 'शुल्टहाइस' या जुन्या हुद्द्याची रूपं. गावकऱ्यांना देणं भरायला सांगणारा, गावचा कारभारी. २०२१ ते २०२५ या काळात जर्मनीचे चान्सलर असलेले ओलाफ शोल्त्स म्हणजे आडनावापुरते मुकादमच.

पण जर्मन आडनावांच्या इतिहासात एक काळं पान आहे. प्रशियात १८१२ च्या फर्मानाने ज्यूंना नागरिकत्व मिळालं, आणि त्यासाठी कायमचं आडनाव घ्यावं लागलं. अनेकांची आडनावं शेजाऱ्यांसारखीच झाली. पुढे हिटलरच्या सरकारला हीच अडचण वाटली. आडनावावरून माणूस ओळखू येईना. म्हणून १९३८ मध्ये हुकूम निघाला: ज्यांचं नाव सरकारी यादीतल्या ज्यू नावांपैकी नसेल त्या पुरुषाने नावाला 'इस्राएल' जोडायचं, स्त्रीने 'सारा'. १ जानेवारी १९३९ पासून तो अमलात आला.

माझ्या घरमालकाची त्या सरकारशी तुलना मी करत नाही. तसं करणं त्या लाखो मेलेल्यांवर अन्याय होईल. तो बिचारा सोसायटीला घाबरत असेल. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: आडनावावरून कळत नाही, मग आणखी काय विचारू म्हणजे कळेल?

शेवटी घर मिळालं, दुसऱ्या गल्लीत. मालकीणबाईंनी फक्त पाण्याची वेळ सांगितली आणि डिपॉझिट घेतलं. दाराची पाटी करायला गेलो तेव्हा लेक म्हणाली, "बाबा, नुसतं मुकादम लिहू या ना. छान दिसेल."

मी जरा वेळ विचार केला. मग पाटीवाल्याला पूर्ण नाव लिहून दिलं. अब्बांचं नाव मधे घालून.