शेठजींची भिंत

हिंगोलीच्या मोंढ्यात माझ्या ओळखीच्या एका शेठजींची हळदीची अडत आहे. दर दिवाळीला मी वहीपूजनाला जातो आणि पेढा तोंडात टाकण्याआधी गादीमागची भिंत पाहतो. वर्षभराचे राजकारण तिथे एका दृष्टिक्षेपात वाचता येते! आजोबांच्या काळी म्हणे तिथे निजामाची तसबीर होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर गांधीजी आले. पुढे काँग्रेसवाले उतरले, धनुष्यबाणवाले चढले.

२०२२ साली मात्र शेठजींची पंचाईत झाली. शिवसेना दुभंगली. आमचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील एकनाथ शिंद्यांकडे गेले. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर तर आधी उद्धव ठाकऱ्यांसाठी कार्यकर्त्यांसमोर रडले आणि ४ जुलैला, ऐन विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी, पलीकडे जाऊन बसले. पक्षाचे नाव तेच; तसबीर कोणाची लावायची? शेठजींनी त्या दिवाळीत बालाजी लावला.

घरी येऊन मी पोट धरून हसलो.

पुढच्याच महिन्यात मुलीच्या बदलीसाठी त्यांच्या गादीच्या कडेला जाऊन बसलो. शेठजींनी फोन हाती घेतला.

"मास्तर, इकडच्याला लावू की तिकडच्याला?"

"ज्याचं चालतं त्याला," मी म्हणालो.